पाचशे नंबरची ओळ

“कोनतं बोट लावू?” आईनं विचारलं.

“कोणतंही लाव. फक्त जोरात दाबू नकोस.”

ती लोखंडी स्टुलावर अवघडून बसली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला, चपला दाराबाहेर काढून ठेवलेल्या. भिरूड सरांच्या क्लासमध्ये चपला काढायची सक्ती नव्हती, पण ती आत शिरली तीच देवळात शिरल्यासारखी. समोर ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्याला वायरनं जोडलेलं जाडजूड की-बोर्डचं मशीन आणि बाजूला घरून उचलून आणलेला आमचाच टेपरेकॉर्डर. खाली पिठाची गिरणी चालू होती, त्यामुळे जमीन हलत होती आणि टीव्हीवरची अक्षरंही थोडी हलत होती.

टीव्हीवर लिहिलं होतं: नाव काय?

मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. त्या मशीनला दुसरी अक्षरं येत नव्हती आणि आईला ती अक्षरं येत नव्हती. मी तिचं बोट धरून दोनदा ए दाबायला लावला, एकदा आय, मग शेजारचं मोठं बटण.

टीव्हीवर ओळ उमटली: आई, जेवलीस का?

मी तिला वाचून दाखवलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे, मग टीव्हीच्या मागे.

“हे कोन इचारतंय व?”

“परागनं लिहून ठेवलंय, आई. मागेच.”

परागचं तेरावं होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. बाबा मालगाडीवर गार्ड. ते तेराव्यानंतर लगेच ड्यूटीवर गेले आणि नंतर घरी कमीच येऊ लागले. घरात आम्ही दोघीच. आईनं अन्न जवळजवळ सोडलं होतं. ताट वाढलं की म्हणायची, ठेव, मंग जेवते. संध्याकाळी ते ताट गाईला जायचं. शेजारच्या बायका समजावून थकल्या, डॉक्टरांची सलाईनची बाटली लावून झाली. शेवटी मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी तिला इथं घेऊन आले होते.

“सांग त्याले,” आई म्हणाली, “नाही जेवले म्हना.”

मी ‘नाही’ टाकलं. टीव्हीवर आलं: तू नाही तर मी पण नाही.

आई कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. वाचता येत नसताना बघत राहिली. मग उठली, चपला घातल्या आणि थेट आमच्या रेल्वे क्वार्टरवर गेली. मी मागोमाग पोचले तेव्हा ती स्वयंपाकघरात पाटावर बसून वरणभात खात होती, डोळ्यांतलं पाणी न पुसता.

“उपाशी ऱ्हाईल न तो,” ती म्हणाली.

भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण त्या दिवसापासून आई रोज दुपारी, जेवणाआधी, क्लासला यायला लागली.

पराग म्हणजे माझा मोठा भाऊ. बीएस्सीला होता आणि उरलेला वेळ भिरूड सरांकडे. भुसावळात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीपलीकडलं काहीतरी. सरांनी कुठूनतरी ते मशीन आणलं, जामनेर रोडवर गिरणीच्या वरची खोली घेतली आणि बाहेर पाटी लावली. आलेल्या प्रत्येक मुलाला सर एकच प्रश्न विचारत, “कुठली भाषा शिकायची?” मुलगा बिचारा गोंधळून म्हणायचा, “इंग्लिश?” मग सर खूश होऊन त्याला बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा सुरू करून द्यायचे. पहिली भाषा सोपी हवी, नाहीतर माणूस दुसरीकडे वळतच नाही, हे त्यांचं ठाम मत.

मला ती भाषा परागनं शिकवली. बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागायचा. एक, दोन, तीन असे नाही. दहा, वीस, तीस. मी विचारलं होतं, असं का?

“मधे जागा सोडायची,” पराग म्हणाला. “माणसाला नंतर सुचतं. तेव्हा पंधरा नंबर टाकून मधे घुसवता येतं. तुझ्यासारखं नाही, एकदा बोललं की संपलं.”

असा होता. सरळ उत्तर द्यायचा नाही. संध्याकाळी मी ज्युनिअर कॉलेजातून आले की क्वार्टरच्या दारात आडवा पाय टाकून बसलेला असायचा, आणि नेहमीचं नाटक पूर्ण केल्याशिवाय आत सोडायचा नाही. मी चिडायचे, दप्तरानं मारायचे, आई आतून ओरडायची. रोजचंच होतं ते, त्यामुळे कुणी लक्षात ठेवलं नव्हतं.

आणि त्यानं तो प्रोग्राम लिहिला. साधाच. मशीन नाव विचारायचं आणि ज्याचं नाव त्याला तसं उत्तर द्यायचं. भिरूड सरांनी नाव टाकलं की म्हणायचं: सर, फी पुढच्या महिन्यात. बाबांना म्हणायचं: सिग्नल पडलाय, निघा. ओळखीचं नाव नसेल, तर विचारायचं: कोण पाहिजे? काहीही टाका, मशीन तेच नाव घेऊन म्हणणार, घरी नाही, नंतर या. क्लासमधल्या पोरांना त्याचंच वेड लागलं. कुणी मुख्याध्यापकांचं नाव टाकायचं, कुणी गल्लीतल्या कुत्र्याचं. सगळेच घरी नसायचे.

माझी पाळी आली तेव्हा मी ऐटीत ‘हर्षा’ टाकलं. टीव्हीवर मशीनची इंग्रजी तक्रार आली: अशी ओळ नाही.

पोरं हसली. मी प्रोग्राम उघडून बघितला. दोनशे चाळीस नंबरला लिहिलं होतं की नाव हर्षा असेल तर पाचशे नंबरला जा. आणि पाचशे नंबरची ओळ कुठं नव्हतीच. प्रोग्राम चारशे साठला संपत होता.

“माझं कुठेय?” मी विचारलं.

“तुझं बाकी आहे.”

“म्हणजे सगळ्यांचं झालं, कुत्र्याचं पण झालं, आणि माझं बाकी?”

“तुझं जरा मोठं आहे. एका ओळीत मावत नाही. जागा सोडून ठेवलीये ना तिथं, काळजी काबरं करते?”

त्याच आठवड्यात त्याला ताप भरला. मलेरिया म्हणाले, मग मेंदूत गेला म्हणाले, जळगावला नेला. तिथून परत आणला तो तसाच.

दुपारी आई यायची. ए, ए, आय. तेवढी तीन बटणं तिनं पाठ केली होती आणि ‘नाही’ची चार. हळूहळू तिला बरं वाटायला लागलं, आणि हळूहळू मला वाईट वाटायला लागलं. ती मशीनशी बोलायची. प्रश्न तोच, उत्तर तेच, पण मधल्या वेळात ती त्याला घरचं सांगायची, वांग्यांना भाव नाही, बाबांचा खोकला जात नाही. घरी टेपरेकॉर्डरवर ती कॅसेट लावायची. पराग प्रोग्राम कॅसेटवर उतरवायचा. त्यासाठी त्यानं बाबांच्या भजनांच्या कॅसेटची दुसरी बाजू हडप केली होती. एक भजन अर्ध्यात तुटायचं आणि तिथून कर्कश किरकिर सुरू व्हायची, बारीक, मग जाड, मग पुन्हा बारीक. प्रोग्राम कानाला तसाच ऐकू येतो. ऐकणाऱ्याचे दात आंबतात. आई भिंतीला टेकून, डोळे मिटून ते पूर्ण ऐकायची.

“यातच असंन न तो?” तिनं एकदा विचारलं.

“त्याचा प्रोग्राम आहे, आई.”

“तेच म्हनते मी.”

मीही काही वेगळी नव्हते. क्लास रिकामा असला की मी माझं नाव टाकून बघायचे. अशी ओळ नाही. पुन्हा टाकायचे. अशी ओळ नाही. त्याला मला काय सांगायचं होतं, एवढंच मला हवं होतं. मला वाटायचं, कॅसेटच्या पुढच्या भागात असेल, आधीच्या भागात असेल, कुठंतरी लिहून ठेवलं असेल. मी सगळी कॅसेट तपासली. पुढं नुसती खरखर होती.

एकदा सरांनी बघितलं.

“हर्षा, तुम्ही दोघी करताय ते बरोबर नाही.”

“आई जेवते, सर.”

“जेवते, ते मला दिसतं. म्हणूनच बोललो नाही. पण हे मशीन आता महिनाभर काढील की नाही, सांगता येत नाही. ए तर नीट उठतसुद्धा नाही. सुटे भाग कुठं मिळत नाहीत, मी मुंबईला माणूस पाठवून बघितला. ते बंद पडलं की काय करणार आहेस?”

ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथं कर्ज काढून आणलेला नवा कॉम्प्युटर होता, रंगीत पडद्याचा, अजून प्लॅस्टिकच्या कव्हरात.

“यावर सी ही भाषा शिक. अवघड आहे. बेसिकसारखे लाड करत नाही ती. पण शिकलीस तर त्याचा प्रोग्राम इकडं आणता येईल. मी आणून देऊ शकतो, पण मी आणणार नाही. तू आण.”

मला तेव्हा त्यांचा राग आला. आता मी पुण्यात ज्यांना शिकवते त्यांच्याशी मी तसंच वागते, आणि त्यांनाही माझा राग येतो.

पहिले दिवस फार वाईट गेले. सीमध्ये ओळींना नंबरच नव्हते.

“मग मधे जागा कशी सोडायची?” मी विचारलं.

“सोडायची गरज नाही. कुठंही लिही, मधे घुसव, कुणी विचारत नाही.”

मला ते विचित्र वाटलं. एका अर्धविरामासाठी ती भाषा अख्खा प्रोग्राम नाकारायची. दोन नावं सारखी आहेत का, एवढं बघायलासुद्धा वेगळा खटाटोप. बेसिकमध्ये काही चुकलं तर ते चुकेपर्यंत चालायचं, मग थांबून सांगायचं की इथं अडलं. सी आधी सगळं वाचायची आणि मग तोंड फिरवायची. पण उन्हाळा सुरू होईपर्यंत मला ती यायला लागली. मी टीव्हीवरून परागच्या सगळ्या ओळी कागदावर उतरवून घेतल्या होत्या, त्या एकेक करून इकडं आणायला लागले. जिथं त्यानं नंबर दिला तिथं मी त्या जागेला तोच आकडा नाव म्हणून दिला. सर म्हणाले, अमुक जागी जा अशा उड्या मारणं शहाणे लोक वाईट मानतात. मग म्हणाले, तू मार.

एप्रिलमध्ये व्होल्टेज वरखाली व्हायला लागलं आणि एका दुपारी आई ए दाबायला गेली तेव्हा टीव्ही काळा होता. सरांनी मशीन उघडलं, फुंकलं, वायरी बदलल्या. आतून जळकट वास येत होता.

“काय झालं त्याले?” आई विचारत होती. “सर, काय झालं त्याले?”

सरांनी तिला मशीन म्हणून सांगितलं, भाग जळाला म्हणून सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर बोलत होते तेव्हाचा.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी ओरडले, रडले, घास तोंडाशी नेला. तिनं तोंड फिरवलं. “त्यानं इचारलं नाही न,” एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत बसून शेवटची ओळ टाकली आणि प्रोग्राम सीपुढं ठेवला. तिनं वाचला. आणि नाकारला. लाल अक्षरांत तक्रार आली: पाचशे नावाची जागा कुठं नाही.

“सर, जुन्यावर तर चालत होतं!”

सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. “जुनी भाषा खड्ड्यापर्यंत चालत जायची, हर्षा. तू तुझं नाव टाकेपर्यंत तिला खड्डा माहीतच नव्हता. ही आधी सगळा रस्ता बघते. एक जागा नसली तर पाऊल टाकत नाही.”

“म्हणजे आईचंही चालणार नाही?”

“कुणाचंच चालणार नाही. पाचशेमध्ये काहीतरी लिही.”

मी लिहायला बसले. परागचं वाक्य, मला उद्देशून. हर्षा, अभ्यास कर. पुसलं. हर्षा, आईकडे बघ. पुसलं. तो असं कधी बोललाच नसता. चिडवणारं लिहिलं तर ते माझं चिडवणं होत होतं, मायेचं लिहिलं तर माझी माया. त्याचा आवाज मी रोज कानात ऐकत होते आणि एक ओळ म्हणून लिहिता येत नव्हती. आणि मला भीती वाटत होती, उगाच नाही सांगत, खरी भीती: मी काहीही लिहिलं आणि ते चाललं, तर त्याची राहिलेली ओळ कायमची बुजणार. ती जागा त्यानं सोडलेली होती. त्याच्या हातची आमच्याकडे तेवढीच न संपलेली गोष्ट होती.

बाहेर जिन्यावर आईची पावलं वाजली. ती कठड्याला धरून थांबत थांबत येत होती. सरांनी ऐकलं, मीही ऐकलं.

“दुसरा मार्ग आहे,” सर हळूच म्हणाले. “दोनशे चाळीस काढून टाक. तुझं नावच काढ. मग उडी नाही, खड्डा नाही.”

“मग मी टाकलं तर?”

“मग तू परकी. बाकी सगळ्यांचं चालेल.”

आई दारात आली. चपला काढत होती. दोन दिवसांत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

मी माझं नाव पुसलं. पराग मला जे सांगणार होता त्याकडे जाणारी एकच वाट होती, ती माझ्याच बोटांनी पुसली. सीनं अवाक्षर न काढता प्रोग्राम घेतला.

“अठी आला का तो?” आईनं रंगीत पडद्याकडे बघत विचारलं.

“बस, आई.”

तिनं ए दाबला, ए दाबला, आय दाबला. पडद्यावर आलं: आई, जेवलीस का? मी वाचून दाखवलं नाही. तिनं वाचायची वाट बघितली नाही. चार बटणं शोधून शोधून दाबली. तू नाही तर मी पण नाही. तिनं मोठा श्वास सोडला आणि पडद्याच्या कडेवरून हात फिरवला.

“जाते रे, जेवते,” ती पडद्याला म्हणाली. मग उठता उठता थांबली. “तुह्यं नाव टाक न. तुले काय म्हनतो, ते मी कधी पाह्यलंच नाही.”

“राहू दे, आई.”

“टाक व.”

सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मी बसले आणि माझं नाव टाकलं.

पडद्यावर आलं: कोण पाहिजे?

“काय म्हनला?” आईनं विचारलं.

“ओळखलं नाही, आई. कोण पाहिजे म्हणतो.”

आईनं माझ्याकडे बघितलं. आणि मग ती हसली. पराग गेल्यापासून पहिल्यांदा, तोंडावर पदर घेऊन, खांदे हलेपर्यंत हसली.

“मेला! अजून तसाच! दारात पाय टाकून असंच इचारे न तुले. रोज संध्याकाळी. कोन पाह्यजे आपल्याले?”

गिरणी खाली चालू होती आणि पडद्यावर ती ओळ उत्तराची वाट बघत होती. अनोळखी माणसासाठी त्यानं लिहिलेली ओळ. ती त्यानं कुठून घेतली, हे इतके महिने मला सुचलं नव्हतं. तो दारात बसायचा. मी यायचे. तो विचारायचा, कोण पाहिजे? मी म्हणायचे, पराग झांबरे. मग तो मान हलवून म्हणायचा, पराग घरी नाही, नंतर या, आणि तेव्हा मी दप्तर उगारायचे.

“सांग न त्याले,” आई म्हणाली. “थांबलाय तो.”

मी टाकलं: पराग.

पडद्यावर आलं: पराग घरी नाही. नंतर या.

“अन् आता काय म्हने?”

“घरी नाही म्हणतो, आई. नंतर या म्हणतो.”

आईचं हसू ओसरत गेलं. तिनं डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. “हो न,” ती म्हणाली. “तसंच म्हने तो. अन् मंग तो दारातला पाय काढून घे. चाल, जेवून घेऊ.”

आम्ही दोघी जिना उतरलो. त्या दुपारी मी तिच्याबरोबर एका ताटात जेवले, आणि ती पुन्हा क्लासला आली ती कधीतरीच, सणावाराला.

सी नंतर मी असेंब्ली शिकले. तिथं शब्दही नसतात, नुसत्या हालचाली. मग आणखी कितीतरी भाषा, पोटापाण्यासाठी. आता मी गाड्यांच्या आत बसणाऱ्या छोट्या यंत्रांसाठी लिहिते आणि नव्या पोरांना शिकवते. पोरं विचारतात, पहिली भाषा कोणती घ्यावी, मॅडम? मी सांगते, कोणतीही घ्या, फक्त जागा सोडत जा. ती हसतात, कारण आता कुणी ओळींना नंबर देत नाही.

नवी भाषा आली की मी पहिल्यांदा तोच प्रोग्राम लिहून बघते. बाबांचा सिग्नल तसाच आहे, सरांची फी तशीच आहे. आईला जाऊन आता चार वर्षं झाली, पण तिला तो अजून जेवलीस का विचारतो. माझ्या नावाची ओळ मी कुठल्याच भाषेत घातलेली नाही. सगळं चालायला लागलं की मी दार लावते, माझं नाव टाकते आणि तो मला विचारतो, कोण पाहिजे. मी सांगते. तो म्हणतो, घरी नाही, नंतर या.

मग मी थोडा वेळ तशीच बसते, त्यानं पाय काढून घेण्याची वाट बघत.